तेरावं केळं

पूर्वाचं आणि दिग्विजयचं फाटलं, क्लास मोडला, आणि बोर्डावरचं अर्धं नाव पार पत्र्यापर्यंत खरवडून काढावं लागलं. पण ते सोडा. असं काही झालेलंच नाही असं धरून चालू. बोर्ड अख्खा आहे, बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर आहे, आणि त्यावर लिहिलंय ‘पूर्वविजय इंग्लिश स्पीकिंग’. दोघांच्या नावांची मोडतोड करून बनवलेलं नाव. वाचणाऱ्याला वाटायचं, ब्रह्मदेश वगैरे जिंकायचा काही कार्यक्रम असावा. आत मात्र ‘आय ॲम, यू आर’ चालायचं.

गिरणीचा एक फायदा होता. खाली ज्वारी पडली की वरची फरशी थरथरायची, त्यामुळे इंग्रजी बोलताना आपलेच पाय लटपटतात असं कुठल्या विद्यार्थ्याला वाटायचं नाही. सगळ्यांचेच लटपटायचे.

शिकवायची पूर्वा. दिग्विजय बाकीचं बघायचा. बाकीचं म्हणजे खुर्च्या, फ्लेक्स, मोबाइलवरच्या जाहिराती, आणि जिना चढून आलेल्या माणसाला तसंच खाली जाऊ न देणं. दोघांची कॉलेजपासूनची दोस्ती. पूर्वाच्या घरी तो इतका जेवलेला होता की तिची आई सुंदराबाई कणीक मळतानाच त्याला घरातला धरायच्या. तो त्यांना काकू म्हणायचा.

आता पुण्यात कुठल्याही क्लासचा जीव असतो डेमो लेक्चरमध्ये. रविवारी सकाळी, फुकट. लोक येतात, ऐकतात, आवडलं तर तिथल्या तिथे नाव घालतात. पुढे वर्षभर काय शिकवलं जातं याची फारशी चौकशी कोणी करत नाही. पूर्वाकडे डेमो एकच होता, पण तो असा की कात्रजहून माणसं यायची. क्लास त्या एका डेमोवर उभा होता, आणि डेमो एका शब्दावर. शब्द होता ‘डझन’.

पूर्वा टेबलावर केळी ठेवायची आणि विचारायची, हे काय आहे. समोरची मंडळी, म्हणजे कारखान्यातले कामगार, घरी मुलांचा अभ्यास घ्यायची वेळ आलेल्या आया, इंटरव्ह्यूत दोनदा आपटलेली पोरं, दबक्या आवाजात म्हणायची, “डझन केळी.” मग ती त्यांचं अभिनंदन करायची. तुम्ही आत्ता इंग्रजी बोललात. आपल्याला इंग्रजीचा एक शब्द येत नाही म्हणून ज्यांची झोप उडाली होती, ते जन्मभर केळीवाल्याशी इंग्रजीत घासाघीस करत होते. इथे पहिला हशा यायचा.

मग ती हळूच व्याकरण सरकवायची. ‘अ डझन बनानाज’. मध्ये ‘ऑफ’ घालायचा नाही, त्याचं तिथे काही काम नाही. दोन डझन झाले तरी ‘टू डझन’च, शब्दाला शेपूट लावायचं नाही. पण जेव्हा मोजायचंच नसतं, नुसतं ‘ढिगानं’ म्हणायचं असतं, तेव्हा ‘डझन्स ऑफ पीपल’. तिथे शेपूटही येतं आणि मागोमाग ‘ऑफ’ही. म्हणजे नेमकं मोजलं की हा शब्द ताठ बसतो, आणि मोजायचं सोडलं की मांडी घालून गप्पा मारायला लागतो. शिवाय इंग्लंडातले पाववाले, वजनात कमी भरलं म्हणून दंड नको, यासाठी बारावर एक पाव जादा टाकायचे म्हणतात. म्हणून तेराला ‘बेकर्स डझन’.

“आणि आमच्या घरी,” पूर्वा म्हणायची, “सुंदराबाईंचा डझन होता.”

हा डेमोचा प्राण. सुंदराबाईंनी वर्षानुवर्षं भाजी बाजाराच्या तोंडाशी केळ्यांची हातगाडी लावली होती. नवरा लवकर गेलेला, पोरगी शाळेत. त्यांच्या डझनात अकरा केळी खणखणीत असायची आणि एक बिलबिलीत. आणि ते बिलबिलीत अशा बेताने बसवलेलं असायचं की गिऱ्हाइकाची आणि त्याची गाठ घरी गेल्यावरच पडावी. कोणी भांडायला आलंच तर सुंदराबाई शांतपणे विचारायच्या, “बारा मोजून दिली का नाही?” दिली. “मग?” पूर्वा हे आईच्या आवाजात करायची, कमरेवर हात ठेवून. आणि मग इंग्रजीच्या बाईंचा आवाज लावून सांगायची की व्याकरणाच्या दृष्टीने सुंदराबाईंची बाजू भक्कम आहे. डझन म्हणजे बारा. बारा चांगली, असं डिक्शनरीत कुठेही नाही.

लोक खुर्च्यांवरून घसरायचे. तो हशा नीट ऐकू यावा म्हणून दिग्विजय दारात उभा राहून नेमका त्या क्षणी पंखा बंद करायचा. त्याला सगळं पाठ होतं. पूर्वा श्वास कुठे घेते, तेसुद्धा.

एका सोमवारी दिग्विजय म्हणाला, जरा ब्रेक घेतो, डोकं भणभणतंय. पूर्वाने त्याला गवती चहा करून दिला. त्यानंतर त्याने फोन उचलणं सोडून दिलं. काही दिवसांनी कोणीतरी सांगितलं की दिग्विजय येरवड्याला गेला, आणि पूर्वाला क्षणभर खरोखर आशा वाटली. पण तुरुंगात नव्हे, तो तिथे क्लास काढायला गेला होता.

क्लासचं नाव ‘डझन इंग्लिश’.

हे तिला कळलं ते नम्रताकडून. नम्रता दिवसा लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळी पूर्वाकडे इंग्रजी शिकायची. तिने एक रील पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मॅम, हे तुमचंच ना? पण मी रडले.’ रीलमध्ये दिग्विजय कोट घालून उभा होता. पुढ्यात केळी. वर मोठ्या अक्षरांत ‘आईचा डझन’. मागे बासरी. शब्द चोरला तर चोरला, पूर्वा स्वतःला समजावत होती, शब्द काही कोणाच्या बापाचा नसतो. पण आई? नम्रता कशाने रडली असेल, ते तिला कळेना. सुंदराबाईंच्या गोष्टीत रडण्यासारखं काही असलंच तर ते गिऱ्हाइकाच्या वाट्याला आलेलं होतं.

रविवारी तिने स्कूटर काढली आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळला. पुण्यात ही मोठी सोय आहे. तोंड बांधून बँकेत शिरलात तरी वॉचमन फक्त गाडी नीट लावायला सांगतो.

येरवड्यातल्या त्या हॉलमध्ये एसी होता, खुर्च्यांना गाद्या होत्या, आणि समोर चंदनाचा हार घातलेला एक मोठा फोटो होता. सुंदराबाईंचा. पूर्वाच्या मागच्या वाढदिवसाचा फोटो होता तो. पूर्वाला त्यातून कापलेलं होतं, पण कापणाऱ्याने घाई केली असावी. आईच्या खांद्यावर पूर्वाचा हात तेवढा राहून गेला होता. खाली लिहिलं होतं ‘कै. सुंदराबाई’.

पूर्वा ते ‘कै.’ बघत राहिली. त्यांचं घर बौद्ध. घरात वडिलांच्या फोटोखाली ‘कालकथित’ लिहिलेलं आहे, आणि त्याच फोटोखाली बसून दिग्विजयने आयुष्यातली निम्मी जेवणं केली आहेत. आणि तरी त्याने बाईला नुसतं मारलं नव्हतं, तर परस्पर धर्म बदलून कैलासावर पोचवलं होतं.

तो बोलायला लागला. केळी ठेवली, हे काय आहे विचारलं, अभिनंदन केलं, तिथेच थांबला जिथे पूर्वा थांबते. तिच्याच जागी श्वास घेतला. आपण मेलो असून आपलाच कार्यक्रम मागच्या रांगेतून बघतोय, असं तिला वाटलं. फक्त एका जागी तो म्हणाला, “टू डझन्स ऑफ बनानाज,” आणि पूर्वाचा हात आपोआप वर गेला.

“प्रश्न नंतर हं ताई,” दिग्विजय म्हणाला.

तिने हात खाली घेतला.

मग त्याची आई आली. त्याच्या आईच्या डझनात बारा केळी असायची, बाराही खणखणीत, आणि वर एक तेरावं. ते ती गिऱ्हाइकाच्या कडेवरच्या लेकराच्या हातात द्यायची. कोणाचं लेकरू, काही बघायची नाही. घरी स्वतःच्या मुलासाठी केळं उरायचं नाही. तो मुलगा, म्हणजे दिग्विजय, हातगाडीखाली बसून केळी बांधायच्या रद्दीवर एबीसीडी गिरवायचा. वास्तविक दिग्विजयचे वडील साताऱ्यात ट्रॅक्टरचे डीलर आहेत आणि आई भिशी चालवते. पण हॉलमध्ये ते माहीत असलेली एकच व्यक्ती होती आणि तिचं तोंड बांधलेलं होतं. शेवटी आई आजारी पडली. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. दिग्विजयच्या तोंडून आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य तिथे बाहेर पडलं. “प्लीज सेव्ह माय मदर.” व्याकरण बरोबर होतं. आई गेली.

पहिल्या रांगेतला एक धिप्पाड माणूस हुंदके देत होता. दारातल्या पोरीने नेमका एसी बंद केला. नाकं ओढलेली स्वच्छ ऐकू आली.

“आई आज नाही,” दिग्विजय म्हणाला, “पण तिची सख्खी बहीण आहे. माझी मावशी. तीच माझ्यासाठी आता आई. आणि ती आज तुम्हाला तेरावं केळं देणार आहे.”

पडद्यामागून सुंदराबाई आल्या. अंगावर मोरपंखी साडी, जी त्या फक्त लग्नाला नेसतात. हातात टोपली. लोक उभे राहिले. दोघी-तिघींनी त्यांना वाकून नमस्कार केला, आणि सुंदराबाईंनी असा आशीर्वाद दिला की जणू जन्मभर हेच करत आल्या आहेत. रांगेरांगेने एकेकाला केळं देत त्या मागे आल्या. पूर्वासमोर थांबल्या. स्कार्फच्या वर डोळे तेवढे दिसत होते, पण आईला तेवढे पुष्कळ असतात. टोपलीतला हात टोपलीतच राहिला. मग त्यांनी चांगलं पिवळंधमक बघून एक केळं काढलं.

“घ्या ताई,” त्या म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

पूर्वाने ते केळं घेतलं. न घेता कसं चाललं असतं, सगळे बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर तिने जिन्यात दिग्विजयला गाठलं आणि तोंडावरचा स्कार्फ सोडला. तो दचकलासुद्धा नाही. उलट सावकाश, विद्यार्थ्याला समजवावं तसं सांगायला लागला. तिच्या गोष्टीत लोक हसतात, आणि हसलेला माणूस ‘विचार करून सांगतो’ म्हणतो. रडलेला माणूस घरी विचारायलाही थांबत नाही, तिथेच सही करतो. हे त्याने दारात उभं राहून इतकी वर्षं बघितलं होतं. तो तिला सांगणारच होता, पण ती शिकवण्यात गर्क असायची.

“माझी आई आहे ती, दिग्विजय.”

“अगं, माझी तर गेलीये,” तो म्हणाला. “तुझी तुझ्याकडे आहेच की.”

हे तो मनापासून म्हणाला. तेच वाईट होतं. तेवढ्यात वरून सुंदराबाई रिकामी टोपली काखेत मारून उतरल्या. दिग्विजयने पुढे होऊन त्यांचा हात धरला, शेवटची पायरी उंच आहे म्हणाला, आणि “येतो आई” म्हणून वर गेला. काकूंची आई झालेली होती, मावशीच्या वाटेने.

पूर्वाने खूप काही ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. “तू मला ताई म्हणालीस.”

“मग काय म्हणणार? मावशीला मूलबाळ नाही. त्याने आधीच सांगितलंय सगळ्यांना.”

“आणि मी?”

सुंदराबाईंनी टोपली पायरीवर ठेवली आणि त्याही बसल्या. त्यांनी सांगितलं की एकदा, डबा विसरला म्हणून, त्या बिबवेवाडीच्या क्लासला आल्या होत्या. जिना चढल्या, दाराशी थांबल्या. आत पूर्वा कमरेवर हात ठेवून त्यांच्या आवाजात बोलत होती. सगळी हसत होती. डबा त्यांनी गिरणीवाल्याकडे ठेवला आणि परत फिरल्या, कारण आत गेलं असतं तर बोट दाखवलं असतं लोकांनी, हीच ती म्हणून.

“अगं, पण ते खरं होतं ना,” पूर्वा म्हणाली. “एक नासकं घालायचीसच की तू.”

“खरं होतं म्हणून तर.”

वरून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. पूर्वाच्या हातात अजून ते केळं होतं.

“त्या एका केळ्यावर तुझी वह्यापुस्तकं झाली,” सुंदराबाई म्हणाल्या. “त्याचा तू जोक केलास. त्याने निदान मला तेरावं द्यायला लावलं. मला कधी जमलं नव्हतं ते.” मग साडीच्या निऱ्या सारख्या करत त्यांनी हिशोब मिटवला. “तुझ्या गोष्टीत मी लबाड, त्याच्या गोष्टीत मी मेलेली. मेलेली बरी.”

थोड्या वेळाने त्यांनी एवढंच जोडलं की ते ‘कै.’ काढायला त्यांनी दिग्विजयला बजावलंय, आपल्यात तसं नसतं. पुढच्या फ्लेक्सला काढतो म्हणालाय. आणि आता घरी सोड, गुडघा धरलाय.

पूर्वाने त्यांना मागे बसवलं. मार्केट यार्डच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा सुंदराबाईंनी विचारलं, स्कूटर अशी धक्के का देते. पूर्वा म्हणाली, सर्व्हिसिंग राहिलंय. येरवड्यापासून बिबवेवाडीपर्यंत दोघी एवढंच बोलल्या.

पुढच्या रविवारी पूर्वाने आपला डेमो घेतला. खुर्च्या निम्म्याच भरल्या होत्या. केळी ठेवली, अभिनंदन केलं, हशा आला, पण जरा कमी. मग ती म्हणाली, आमच्या घरी सुंदराबाईंचा डझन होता. अकरा खणखणीत, एक बिलबिलीत. कमरेवर हात ठेवला. कोणी हसलं नाही. दुसऱ्या रांगेतले एक सभ्य गृहस्थ उभे राहिले.

“मॅडम, माफ करा. ही येरवड्याच्या सरांच्या आईंची गोष्ट ना?”

पूर्वा म्हणाली, ती माझी आई.

“असं कसं? मी स्वतः गेलो होतो तिथे. चोरी समजू शकतो, आजकाल सगळेच करतात. पण निदान गेलेल्या बाईची टिंगल तरी करू नये आपण.”

पूर्वा म्हणाली, ती गेलेली नाही, जिवंत आहे, आत्ता बोलावते.

“त्या मावशी,” गृहस्थ म्हणाले. त्यांच्या आवाजात कीव होती. “मला केळं दिलं त्यांनी.”

मागून एक बाई म्हणाली, काय हे, आणि पर्स उचलली. पूर्वाने सगळ्यांसमोर आईला फोन लावला, स्पीकरवर. रिंग वाजत राहिली. खाली गिरणी चालू झाली आणि वाजणारी रिंगही थरथरायला लागली. रविवार, सकाळची वेळ. आई घरी नव्हती. ती येरवड्यात मेलेली होती.

त्या रविवारी एकही ॲडमिशन झाली नाही. दुपारी पूर्वा रिकाम्या वर्गात एकटीच बसली. तिच्या अभ्यासक्रमात एक धडा सरकारी पत्रलेखनाचा होता आणि तो ती चांगला शिकवायची. तिने आधी इंग्रजीत सुरुवात केली. ‘रिस्पेक्टेड सर’पर्यंत ठीक गेलं. मग पान फाडलं आणि मराठीत लिहायला घेतलं, कारण इंग्रजीत लिहिलं तर सरकार वाचेल अशी तिला धास्ती वाटली.

प्रति,
मा. अधिकारी,
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग.

विषय : आई हयात असल्याबाबत (रविवारपुरते).

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराची आई श्रीमती सुंदराबाई या आपल्या दप्तरी हयात असून प्रत्यक्षातही हयात आहेत. तथापि दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेत त्या येरवडा येथे मयत असतात, व त्याच वेळी त्याच ठिकाणी स्वतःची सख्खी बहीण म्हणून समक्ष हजर असतात. सदर बहिणीच्या जन्माची नोंद आपल्याकडे आढळणार नाही. अर्जदारास मावशी नाही व कधीही नव्हती.

सदर मृत्यू त्यांनी स्वखुशीने पत्करलेला असल्याने पोलिसांत तक्रार करता येत नाही. सदर मृत्यूबाबत अर्जदाराची संमती घेण्यात आलेली नाही. पूर्वी दिलेल्या डझनांपैकी प्रत्येकी एक केळे नासके असल्याबाबतचे स्वतःचे विधान अर्जदार मागे घेण्यास तयार आहे. बाराही केळी चांगली होती असे अर्जदार यापुढे दोन्ही भाषांत सांगेल, व आवश्यक वाटल्यास तेरावेही कबूल करील.

तरी उपरोक्त सुंदराबाई यांना रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेत हयात, व अन्य कोणाची मावशी नसून अर्जदाराचीच आई समजण्यात यावे, आणि तसे त्यांना आपल्या कार्यालयामार्फत लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.